तांब्याचा बॉयलर आणि कारागिराचे गद्य

ज्यांचे बालपण वाड्यात किंवा चाळीत गेले त्यांना तांब्याचा बंब आठवत असेल. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, वरून टाकलेल्या ढलप्या आणि कोळसे, भोवती पाणी, बाजूला पितळी तोटी. सकाळी न्हाणीघरातून येणारा तो धूर, आणि दिवाळीच्या आधी चिंच व राख घेऊन बंब घासायला बसलेली घरातली माणसे, हे चित्र मराठी कथाकादंबऱ्यांतूनही अनेकदा आलेले आहे. तांत्रिक भाषेत बोलायचे तर बंब हा एक बॉयलरच आहे. विस्तव नळीच्या आत, पाणी नळीच्या बाहेर. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात ज्याला फायर-ट्यूब बॉयलर म्हणतात त्याचे हे अगदी साधे, एकनळी आणि दाबविरहित रूप. बंबाचे तोंड उघडे असते म्हणून तो निरुपद्रवी असतो. ते तोंड बंद केले, एका नळीच्या जागी अनेक नळ्या घातल्या आणि भांडे आडवे केले, की आपण रेल्वे इंजिनापाशी येऊन पोहोचतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मोठे इंजिन नाही. गुडघ्याएवढ्या उंचीचे, पण खरा कोळसा जाळून खरी वाफ करणारे आणि आपल्यामागे माणसे ओढून नेणारे छोटे इंजिन, आणि त्याच्या पोटातला तांब्याचा बॉयलर, हा तो विषय. साहित्याच्या अभ्यासकांनी यात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. याचे कारण असे की विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हे बॉयलर प्रामुख्याने एका विशिष्ट प्रकारच्या गद्यामुळे घडले. आठवड्याच्या आठवड्याला छापून येणाऱ्या या लेखमालांना वाङ्मयाच्या इतिहासात जागा नाही. ती असावी असे मला वाटते, आणि या गद्याशी तुलना करताना आपल्याकडच्या एका उणिवेचीही जाणीव होते.

प्रारंभ एका गळतीपासून करावा लागेल. १८२९ साली रेनहिल येथे इंजिनांची जी प्रसिद्ध स्पर्धा झाली तीत 'रॉकेट' जिंकले, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या यशाचे एक प्रमुख कारण म्हणजे बॉयलरमधून आरपार गेलेल्या तीन इंच व्यासाच्या पंचवीस तांब्याच्या नळ्या. ही कल्पना लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथने सुचवली होती. फ्रान्समध्ये मार्क सेगँ यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच रचना केली होती. एका मोठ्या नळीपेक्षा अनेक लहान नळ्यांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता पाण्यात लवकर उतरते, हे तत्त्व कागदावर सोपे आहे. प्रश्न होता तो पंचवीस नळ्यांची पन्नास टोके पत्र्यात घट्ट कशी बसवायची हा. सॅम्युएल स्माइल्सने १८५७ मध्ये लिहिलेल्या जॉर्ज स्टीफन्सनच्या चरित्रात याची हकिगत दिली आहे. नळ्यांच्या टोकांना पितळी आटे डाखून ते पत्र्यात पिळून बसवले. पाण्याच्या दाबाची चाचणी घेताच प्रत्येक सांध्यातून पिचकाऱ्या उडाल्या आणि कारखान्याची जमीन जलमय झाली. हताश झालेल्या रॉबर्टने वडिलांना पत्र लिहिले की सारे फसले. उलट टपाली वडिलांचे उत्तर आले की धीर सोडू नकोस, भोके स्वच्छ पाडून नळ्या त्यांत घट्ट ठोकून बसव. तोवर मुलानेही तोच उपाय योजला होता.

स्माइल्स हा नीतिपाठ देणारा लेखक, त्यामुळे पितापुत्रांची पत्रे एकमेकांना ओलांडून जातात हा योग जरा जास्तच सुबक वाटतो. तरीही या प्रसंगात लक्षात घेण्यासारखे असे की बॉयलरची कथा ही पहिल्यापासून सांध्यांची कथा आहे. तांब्याचा पत्रा सहसा दगा देत नाही. दगा होतो तो दोन पत्रे जिथे मिळतात तिथे.

आता लहान इंजिनाकडे वळू. मोठ्या इंजिनाचे सर्व माप सोळाव्या हिश्शावर आणले, तर काय होते? लांबी सोळा पटींनी कमी होते, पृष्ठभाग दोनशे छप्पन्न पटींनी, आणि घनफळ चार हजार शहाण्णव पटींनी. परंतु कोळशाच्या कणाचा जळण्याचा वेग, पाण्याचा उत्कलनबिंदू, काजळीचा कण, यांपैकी काहीच लहान होत नाही. मोठ्या इंजिनातली दोन इंची नळी या प्रमाणात एक अष्टमांश इंचाची होईल. एवढ्या बारीक नळीतून जाणारा गरम वायू पहिल्या एकदोन इंचांतच आपली उष्णता देऊन टाकील, पुढची नळी नुसती शोभेची राहील, आणि दुसऱ्यांदा कोळसा टाकेपर्यंत काजळीने ती तुंबलेली असेल. म्हणजे मूळ इंजिनाशी शब्दशः प्रामाणिक राहिले तर इंजिन चालत नाही. भाषांतराचे वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांना ही अडचण ओळखीची वाटेल.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या आरंभी जो तोडगा रूढ झाला तो असा: कोळसा सोडून द्यावा आणि स्पिरिटचा दिवा लावावा. बाहेरून इंजिनाचे दिसणारे नळकांडे म्हणजे नुसते आवरण. त्याच्या आत एक लहान नळकांडे पाण्याने भरलेले, आणि त्याच्या पोटाखाली दोनचार तिरप्या पाण्याच्या नळ्या. स्मिथीज नावाच्या कारागिरावरून हा बॉयलर ओळखला जाई. करायला सोपा, चालवायला सोपा. इंग्लंडमधील त्या काळचे अग्रगण्य संकल्पक हेन्री ग्रीनली (१८७६–१९४७) आणि नॉर्दॅम्प्टनची बॅसेट-लोक ही कंपनी यांनी लहान इंजिनांसाठी तो पुरस्कारला. ग्रीनली हा काही सामान्य माणूस नव्हता. १९२७ साली सुरू झालेल्या रॉमनी, हाइथ अँड डिमचर्च या पंधरा इंची रेल्वेची आखणी त्याची आहे, आणि ती रेल्वे प्रवासी नेऊ शकेल इतकी खरी आहे. लहान फायरबॉक्समध्ये कोळशाचा विस्तव टिकणार नाही हे त्याचे मत अनुभवातून आलेले होते. त्याला हेकेखोर ठरवणे अन्यायाचे होईल. बॅसेट-लोकविषयीही एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. कंपनीचा संस्थापक डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक याच्या घराण्याचा धंदाच बॉयलर बनवण्याचा होता. आणि नॉर्दॅम्प्टनमधले त्याचे घर चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने सजवले होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ त्या घरी पाहुणा म्हणून उतरलेला आहे. खेळण्यातली इंजिने आणि आधुनिकतावाद यांची अशी एका छपराखाली गाठ पडलेली पाहून गंमत वाटते.

या प्रस्थापित मताला आव्हान दिले ते एका निनावी माणसाने. 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शलने १८९८ साली लंडनमध्ये सुरू केले होते. १९२२ साली त्यात 'एल. बी. एस. सी.' अशा आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एकाने जाहीर केले की लहान इंजिनातही कोळसा जळतो, नळ्यांचा बॉयलर चालतो आणि माणूसही ओढला जातो; आपण ते करून पाहिले आहे. ही आद्याक्षरे लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची. लेखक तरुणपणी त्या रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये कामाला होता, आणि आपल्या पूर्वीच्या मालक कंपनीचे नावच त्याने टोपणनाव म्हणून घेतले. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी या आपल्या परंपरेत एखाद्याने 'जी. आय. पी.' अशी सही करून लेखन करावे, तसा हा प्रकार. मित्रमंडळीत तो 'कर्ली' लॉरेन्स. जन्मनाव विल्यम मॉरिस बेंजामिन होते हे बहुतेक वाचकांना त्याच्या मृत्यूनंतर, ब्रायन हॉलिंग्सवर्थने लिहिलेले चरित्र १९८२ मध्ये आल्यावरच कळले.

पत्रव्यवहार तापत गेला. त्याला 'बॉयलरांची लढाई' असे नाव पडले. अखेर १९२४ च्या मॉडेल इंजिनिअर प्रदर्शनात समोरासमोर परीक्षा झाली. एका बाजूला बॅसेट-लोकने बांधलेले 'चॅलेंजर'. दुसऱ्या बाजूला एल. बी. एस. सी.चे अडीच इंची रुळांवरचे 'आयेशा'. आयेशा हे नाव वाचताच इंग्रजी वाचकाला रायडर हॅगर्डच्या 'शी' (१८८७) या कादंबरीतली, जिची आज्ञा मोडता येत नाही अशी राणी आठवणारच. या आयेशाने कोळशाच्या विस्तवावर माणूस ओढून दाखवला. दोन्ही इंजिनांची तुलना काटेकोर होती असे म्हणता येणार नाही, आणि प्रतिपक्षाने पराभव मान्य केला असेही नाही. पण वाचकांनी आपला निकाल दिला. पुढे हौशी कारागिरांत कोळशाचा, नळ्यांचा, तांब्याचा बॉयलर हाच प्रघात झाला, आणि आजतागायत बहुतांशी तोच आहे.

एल. बी. एस. सी.ने नेमके काय केले होते? त्याने प्रमाण मोडले होते. निसर्गाला प्रमाणात लहान करता येत नाही, हे त्याचे आवडते प्रतिपादन. सोळाव्या हिश्शाच्या बॉयलरमध्ये एक अष्टमांश इंचाच्या दीडशे नळ्या घालण्याऐवजी तीन अष्टमांश इंचाच्या थोड्याच नळ्या घालायच्या; म्हणजे मोठ्या इंजिनाच्या हिशेबात सहा इंची नळ्या, ज्या कोणत्याही मोठ्या इंजिनात सापडणार नाहीत. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी याला सूत्ररूप दिले: नळीची लांबी इंचांत घ्यावी, तिला नळीच्या आतल्या व्यासाच्या वर्गाने भागावे, उत्तर साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान यावे. सूत्र नंतर आले, इंजिन आधी चालले. रूपाशी बेइमानी करून कार्याशी इमान राखण्याची ही युक्ती होती, आणि आयेशाच्या बाह्यांगाकडे पाहून ती कोणाच्या लक्षातही येत नसे.

परंतु माझ्या दृष्टीने त्याची खरी कामगिरी १९२४ नंतरची आहे. पुढची सुमारे चार दशके त्याने लेखमाला लिहिल्या. प्रत्येक मालेत एक इंजिन, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या झडपेपर्यंत. 'टिच', 'ज्युलिएट', 'डोरिस', 'व्हर्जिनिया', 'बेट्टी' अशी त्यांची नावे. लेखातील मजकूर आणि आकृत्या यांना तो 'शब्द आणि संगीत' म्हणे. वाचक हा कारकून, शाळामास्तर, गिरणीकामगार, निवृत्त टपालवाला. त्याच्याकडे लहानसे लेथ, एक शेगडी आणि घराच्या मागची पडवी. लेखक त्याच्याशी शेजारच्या बाकावरून बोलावे तसा बोलतो. रेल्वेच्या शेडमधली बोली, विषयांतरे, आठवणी, चेष्टा, सारे त्यात येते. बारीकसारीक तपशिलावरून हरकती घेणारा 'इन्स्पेक्टर मेटिक्युलस' नावाचा एक काल्पनिक इसम त्याने निर्माण केला होता. तो अधूनमधून येऊन नाक मुरडतो आणि लेखक त्याची खोड मोडून पुढे जातो. टीकाकाराला पात्र करून लेखात वावरायला लावण्याची ही क्लृप्ती निबंधकारांच्या परंपरेतली आहे, कारखान्याच्या हस्तपुस्तिकांमधली नव्हे.

त्याच्या गद्यात दोषही आहेत. तो स्वतःला फार मिरवतो. प्रतिपक्षावर, विशेषतः ग्रीनलीवर, दीर्घकाळ टोमणे मारत राहतो. आणि आकृत्यांत चुका असल्या तर त्या मान्य करण्यात फारसा उत्साह दाखवत नाही. तथापि सूचना देण्याचे त्याचे कसब दुर्मीळ आहे. हाताने करायच्या कामाचे वर्णन भाषेत करणे किती अवघड असते हे ज्याने पाककृती लिहून पाहिली आहे त्याला ठाऊक असेल. 'तांबूस होईपर्यंत परता' या तीन शब्दांत केवढा अनुभव गृहीत धरलेला असतो! बॉयलरच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण इथे चूक झाल्यास पदार्थ करपत नाही, भांडे फुटते.

प्रत्यक्ष कृती थोडी विस्ताराने पाहू. साडेतीन इंची रुळांवरच्या इंजिनाचा बॉयलर घेऊ. त्याचे आडवे नळकांडे चार इंच व्यासाचे आणि वाफेचा दाब दर चौरस इंचाला ८० पौंड आहे असे समजू. नळकांड्याच्या दर इंच लांबीला ते उकलू पाहणारा जोर ३२० पौंडांचा होतो, आणि तो दोन बाजूंच्या भिंतींत वाटला जातो, म्हणजे दर भिंतीला १६०. नरम तांबे चौरस इंचाला सुमारे २५,००० पौंडांना तुटते. आठपट सुरक्षितता धरली तर ३,१२५ पौंडांपर्यंतच त्याच्यावर भिस्त ठेवायची. भागाकार केल्यास जाडी येते ०.०५१ इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त. प्रत्यक्षात दोन ते अडीच मिलिमीटरचा पत्रा घेतात, कारण तापल्यावर तांब्याची ताकद उतरते आणि वर्षानुवर्षे ते झिजतही असते.

गोल नळकांडे स्वतःला सांभाळते. सपाट भिंत सांभाळत नाही. फायरबॉक्सची एक बाजू पाच इंच बाय चार इंच असेल तर तिच्यावर १,६०० पौंडांचा, म्हणजे सव्वासातशे किलोंचा भार पडतो. हातरुमालाच्या घडीएवढ्या पत्र्यावर दहा माणसे उभी केल्यासारखे ते आहे. पत्रा फुगू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना जोडणारे तांब्याचे खिळे ठराविक अंतरावर आरपार घालावे लागतात. त्यांना स्टे म्हणतात. नवशिक्याला ते कंटाळवाणे वाटतात, आणि प्रत्येक स्टे म्हणजे गळतीच्या दोन नव्या जागा. पण बॉयलर टिकतो तो त्यांच्यावर.

पत्र्यांच्या कडा ठोकळ्यावर मुडपून घ्यायच्या असतात. पोलादाचा किंवा कठीण लाकडाचा ठोकळा, त्यावर पत्रा, आणि मोगरीचे ठोके. इथे तांब्याचा स्वभाव कळतो. दहावीस ठोक्यांनंतर ते ताठर होते, ठोक्याचा आवाज बदलतो, हाताला उलट धक्का बसू लागतो. मग ताव द्यायचा: लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात विझवायचे. पोलाद असे विझवले तर कठीण होते, तांबे नरमच राहते. पुन्हा ठोके, पुन्हा ताव. एका पत्र्याला असे पाचसहा ताव सहज लागतात. घाई करून थंड ताठर पत्र्यावर ठोके मारत राहिले तर कोपऱ्यात तडा जातो, आणि तो पत्रा मोडीत काढावा लागतो.

नंतर झाळकाम. जुन्या काळी पितळी झाळ वापरत. ती वितळते सुमारे ९०० अंशांच्या पुढेमागे, आणि तांबे स्वतः वितळते १,०८३ अंशांना. हा फरक फार नाही. रॉकेलच्या ब्लोलॅम्पने काम करणाऱ्या माणसाची जराशी नजर हटली की पत्राच ओघळायचा. चांदीच्या झाळेने हे संकट टळले. चांदी, तांबे, जस्त यांचे हे मिश्रण ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान पाण्यासारखे पातळ होते आणि सांध्याच्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढले जाते. आधी टाकणखारासारखा द्राव लावायचा, म्हणजे तापलेल्या तांब्यावर काळी पुटे धरत नाहीत. सोनाराच्या दुकानात बसलेल्या कोणालाही हे काम ओळखीचे वाटेल. फरक आहे तो आकाराचा. तांबे उष्णता पोलादाच्या सुमारे आठपट वेगाने वाहून नेते. बॉयलर चालवताना हा गुण. बॉयलर बांधताना हाच शाप. एका कोपऱ्यावर ज्वाला धरली की उष्णता सगळ्या भांड्यात पळते, म्हणून अखेर सगळे भांडेच लाल करावे लागते, आणि मग आधी झाळलेले सांधे सुटण्याची भीती. यासाठी क्रम ठरलेला असतो. आतली पेटी आणि नळ्या प्रथम, जास्त तापमानाच्या झाळेने. मग तो पिंजरा बाहेरच्या कवचात सरकवायचा. मग पुढचा पत्रा, तळाची कड, मागचा पत्रा, स्टे, प्रत्येक पायरी थोड्या कमी तापमानाच्या झाळेने. क्रम चुकला तर हात पोहोचत नाही. कथानकाच्या रचनेविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. इथे रचना चुकल्यास ती दुरुस्त करायला दुसरी आवृत्ती निघत नाही.

या साऱ्याचा एक परिणाम तांबटकाम जवळून पाहिलेल्या माणसाच्या लगेच ध्यानात येईल. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंड्या-घागरींवर जे मठारकाम होते, हातोडीचे ते एकसारखे चमकदार टिपके, ते शोभेसाठी आहेत असे गिऱ्हाईक समजते. वस्तुतः त्या ठोक्यांनीच पातळ पत्रा कडक होतो आणि भांडे वाकत नाही. झाळलेल्या बॉयलरला हा फायदा मिळत नाही. अखेरच्या तावाबरोबर सगळे तांबे पुन्हा मेणासारखे नरम झालेले असते, आणि त्यामुळेच हिशेबात नरम तांब्याचाच आकडा धरावा लागतो. म्हणजे एकाच धातूच्या दोन परंपरा आहेत, एक ठोक्यावर विश्वासणारी आणि दुसरी आकारावर व टेकूंवर.

इथे मला त्या उणिवेकडे यावेसे वाटते. तांब्याला ताव किती द्यावा, ठोक्याचा आवाज कधी बदलतो, टाकणखार कधी काचेसारखा दिसू लागतो, हे ज्ञान महाराष्ट्रात शतकानुशतके आहे. त्याचे मराठी गद्य कुठे आहे? संतांनी आपल्या धंद्याची भाषा अभंगांत आणली हे खरे. नरहरी सोनाराने सोनारकामाची सारी हत्यारे देवापुढे मांडली, गोरोबांनी चाक आणि माती. पण त्या रचनांत काम हे रूपक होते. ऐकणारा त्यातून सोनारकाम शिकावा हा हेतू नव्हता आणि असायचे कारणही नव्हते. पुढे गद्य आले ते ज्यांच्या हाती आले त्यांचे हात ऐरणीवरचे नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा असामान्य ग्रंथ आहे. गावकारागिरांचे हक्क, बलुते, लाचारी आणि लबाडी यांची इतकी माहिती अन्यत्र मिळत नाही. तरी तो बाहेरून पाहणाऱ्या महसुली अधिकाऱ्याचा ग्रंथ आहे. कारागीर काय घेतो हे त्यात कळते, तो काय जाणतो हे कळत नाही.

एक अपवाद होऊ शकला असता. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याच्या बातम्या देणारे ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली बघता बघता महाराष्ट्राचे आघाडीचे मासिक झाले, सामाजिक सुधारणेचे आणि कथावाङ्मयाचे व्यासपीठ झाले. मराठी साहित्याला याचा लाभ झाला यात शंका नाही. पण मासिक जसजसे मोठे झाले तसतसा कारखाना त्यातून मागे सरला. एल. बी. एस. सी.चा प्रवास नेमका उलट दिशेने गेला: तो शेवटपर्यंत भट्टीपाशी बसून राहिला आणि वाङ्मय त्याच्याकडे चालत आले. याला एक साधे सामाजिक कारणही आहे. त्याचा वाचक साक्षर होता, त्याच्याकडे शनिवारची दुपार मोकळी होती, आणि हातांनी काम करण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. आपल्याकडे या तीन गोष्टी एका माणसात एकत्र येणे त्या काळी कठीण होते. ज्याला वाचता येत होते त्याला ठोका मारायचा नव्हता, आणि जो ठोका मारत होता त्याला कोणी वाचायला शिकवले नव्हते. जोतीरावांनी हे फार आधी सांगून ठेवले होते; फक्त ते आपण वाङ्मयप्रकारांच्या चर्चेत आणत नाही.

अर्थात छापलेल्या शब्दाचेही स्वतःचे धोके असतात. एल. बी. एस. सी.च्या काळातील लेखांवर विसंबून आज कोणी बॉयलर बांधू लागला तर तो संकटात सापडेल. त्या काळच्या लोकप्रिय चांदीच्या झाळेत कॅडमियम असे. त्यामुळे ती लवकर वितळे आणि छान वाहत असे, पण तिचा धूर फुफ्फुसांना घातक. युरोपीय संघाने झाळेतल्या कॅडमियमवर २०११ साली बंदी घातली, आणि आता कॅडमियमविरहित, थोड्या जास्त तापमानाच्या झाळी वापरतात. म्हणजे जुन्या लेखातला तापमानांचा सगळा क्रम नव्याने बसवावा लागतो. बॉयलरभोवती उष्णता राखण्यासाठी ॲस्बेस्टॉस गुंडाळण्याचा सल्लाही त्या जुन्या पानांत निर्धास्तपणे दिलेला असे. आम्लात भांडे बुडवून स्वच्छ करण्याच्या कृतीत तर, आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नव्हे, हे वाक्य कधीही गाळून चालत नाही. अशा ग्रंथांना टीपांसहित संपादित आवृत्त्यांची गरज आहे. आपण महानुभावांच्या पोथ्यांचे पाठभेद नोंदवतो त्याच चिकाटीने कोणी हे काम करावे. इथे चुकीचा पाठ स्वीकारला तर शिक्षा मिळते ती संपादकाला नव्हे, वाचकाला.

बॉयलर पुरा झाला की परीक्षा. ती वाफेवर घेत नाहीत. सगळी तोंडे बंद करून बॉयलर पाण्याने काठोकाठ भरतात, हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत, आणि हातपंपाने दाब चढवतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून त्यात शक्ती साठून राहत नाही. सांधा सुटला तर पाण्याची धार उडते आणि काटा शून्यावर येतो, इतकेच. तीच फूट वाफेवर झाली असती तर कोंडलेली सारी शक्ती एका क्षणात बाहेर पडली असती. इंग्लंडमधल्या क्लबांत नव्या बॉयलरची पहिली परीक्षा नेहमीच्या दाबाच्या दुप्पट घेतात, म्हणजे आपल्या उदाहरणात १६० पौंड. समोर क्लबचा नेमलेला निरीक्षक असतो, आणि त्याने काय पाहावे हे सांगणारी नियमावली आहे. दाब चढत असताना खोलीत कोणी बोलत नाही. सपाट भिंत किंचित फुगते आहे का हे पाहण्यासाठी तिच्यावर पट्टी धरतात. कुठे पाण्याचा थेंब पाझरताना दिसला तर खडूने खूण करतात आणि बॉयलर पुन्हा भट्टीवर जातो. काटा ठरलेल्या वेळेपर्यंत हलला नाही, तर निरीक्षक प्रमाणपत्रावर सही करतो आणि बॉयलरवर क्रमांक ठोकला जातो. त्यानंतर वाफेची परीक्षा: विस्तव भरपूर पेटवून सुरक्षा-झडपा दाब दहा टक्क्यांहून जास्त वाढू देत नाहीत ना, हे पाहायचे. ते झाले की इंजिन रुळांवर उतरवायचे, आणि मागच्या गाडीवर कोणाला तरी बसवायचे.